झाडाला टांगलेला धाकटा भाऊ

टॅमरॅक क्रॉसिंग, विस्कॉन्सिन
रविवार, २९ ऑक्टोबर

ज्येष्ठ बंधू एर्विन टेश यांच्या सेवेशी धाकट्या डेल्मरचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेल्या पंधरवड्यापासून माझी कंबर सरळ होत नाही. त्याचं कारण पुढे येईल.) आपली प्रकृती उत्तम असावी, डावा गुडघा फार कुरकुरत नसावा आणि आपली लेक जनीन डॉक्टरच्या नजरेआड आपल्याला चिमूटभर मीठ घालून जेवायला देत असावी, अशी आशा आहे. आपण दोघं वर्षभर बोललेलो नाही म्हणून सुरुवातीला हे 'आपण' घालून पाहिलं. पण एका खाटेवर झोपून मोठ्या झालेल्या आणि एकाच आठवड्यात एकमेकांकडून गोवर घेतलेल्या भावांना ते फार वेळ पेलायचं नाही. तेव्हा इथून पुढे तू.

इकडे सगळं ठीक आहे. अर्डिथ बरी आहे आणि, माझी बायको असूनही, तुझ्या बाजूची आहे. गेल्या नोव्हेंबरपासून तिने माझ्यासाठी सफरचंदाचा केक केलेला नाही. करते, पण चर्चसाठी करते, आणि मला तो तिथल्या तळघरात कॉफीबरोबर चार लोकांसारखा रांगेत उभं राहून घ्यावा लागतो. तिथे लोक विचारतात, एर्विन कसा आहे? मी म्हणतो, मजेत आहे, लेकीकडे ओ क्लेअरची हवा मानवली त्याला. जणू कालच फोन झाला होता. एर्विन, पास्टरच्या पायाखाली, म्हणजे त्याच्या चर्चच्या पोटात बसून, मी वर्षभर दर रविवारी खोटं बोलतो आहे.

हे पत्र तू उघडशील की नाही, मला माहीत नाही. उघडलं असशील तर पुढचं वाक्य आधी वाच, मग हवं तर चुलीत घाल. तीन आठवड्यांनी हरणांच्या शिकारीचा, बंदुकीचा मोसम उघडतो, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या शनिवारी पहाटे तू कुठे असशील हे मला ठाऊक नसेल. ते मला सहन होत नाही. बाकीचं पत्र हा निव्वळ पाल्हाळ आहे.

तर पाल्हाळ. आपलं चाळीस एकर रान तू मार्चमध्ये विकलंस. तुझ्या नावावर होतं, तू विकलंस, माझं काही म्हणणं नाही. (म्हणणं पुष्कळ आहे, पण हे पत्र आधी अर्डिथ वाचणार आहे.) घेणारा इलिनॉयचा दंतवैद्य. त्याने दर वीस पावलांवर 'आत येऊ नये' अशी पिवळी पाटी ठोकली आहे. बाबांनी ज्या बर्चवर आपली दोघांची उंची कोरली होती, त्या बर्चवरही एक आहे, नेमकी तू बारा वर्षांचा होतास त्या खुणेवर. म्हणजे मला शिकारीला उरलं ते काउंटीचं सरकारी रान. सरकारी रान सगळ्यांचं, असं शाळेत शिकवतात. ते खरंच सगळ्यांचं आहे हे मला गाड्या लावायच्या जागी अकरा पिकअप दिसल्यावर कळलं.

शिवाय तिथला नियम असा की मचाण बांधून ठेवायचं नाही. जे सकाळी आणलं ते संध्याकाळी घरी न्यायचं. वनरक्षक बाई रोज फेरी मारते, आणि ती हसत हसत दंड करते. आता बाबांचं मचाण म्हणजे चार माणसांनी उचलायचा सागवानी पलंग. ते रोज मैलभर पाठीवर कोण नेणार? तेव्हा लोहाराच्या, म्हणजे आता ज्याला हार्डवेअरचं दुकान म्हणतात त्या दुकानातल्या पोराने मला सांगितलं की हल्ली सगळे खोगीर वापरतात.

तुला वाटेल घोडा आला. घोडा नाही. झाडाचं खोगीर. म्हणजे बुडाखाली घ्यायची एक रुंद पट्टी, मांड्यांभोवती दोन पट्टे, आणि पोटापासून निघालेला दोर, तो डोक्याच्या वर झाडाला बांधायचा. खोडाला चार पायऱ्या एकावर एक आवळत वर जायचं, शेवटी ताटाएवढ्या फळीवर पाय ठेवायचे आणि खोडाकडे तोंड करून मागे रेलायचं. विजेच्या खांबावरचा लाइनमन लटकतो तसं. सगळा संसार पाठीवरच्या पिशवीत मावतो. शिकवायला फोनवर दाढीवाल्या मुलाची चित्रफीत असते. तो माझ्या एका पायाइतक्या वजनाचा आहे आणि दर तीन वाक्यांनी 'अगदी सोपं आहे' म्हणतो. बासष्टाव्या वर्षी माणसाने कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये याची यादी केलीस तर हे वाक्य पहिलं घाल.

सराव मी अंगणातल्या मेपलवर केला. जमिनीपासून दोन हातच वर होतो. पण पट्टा मांडीत रुतला, पाय बधिर झाला, आणि मी गिरकी घेऊन खोडाच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला आलो. समोरच्या ग्रुनेवाल्डबाईंना खिडकीतून एवढंच दिसलं की डेल्मर टेश झाडाला लटकतो आहे. त्यांनी शेरीफच्या कचेरीत फोन केला. दहा मिनिटांत गाडी आली, दिवे न लावता. तो तरुण शिपाई उतरला, टोपी काढून हळूहळू चालत माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, हे खोगीर आहे. तो म्हणाला, "असू दे. घरी सगळं ठीक आहे ना, डेल्मर?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे. वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, एर्विन, आणि विचारला तेव्हा मी असा गोल फिरत होतो की उत्तर नीट देता येईना. ग्रुनेवाल्डबाई दुसऱ्या दिवशी बटाट्याचं भांडं घेऊन आल्या. अजून त्या भांड्याकडे पाहून अर्डिथ हसते आणि मग एकदम हसायची थांबते.

खऱ्या रानात गेलो तो चौदा ऑक्टोबर, धनुष्य घेऊन, कारण धनुष्याचा मोसम बंदुकीच्या आधीच उघडतो. मैलभर चालून, घामाघूम होऊन, पाणथळीच्या कडेला एक ओक निवडला. चढायला पाऊण तास लागला. (त्या पोराला चार मिनिटं लागतात. त्याला अजून प्रोस्टेट भेटलेलं नाही.) वर पोचलो, रेललो, आणि खरं सांगतो, पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. पिवळं पान हलत होतं, बाबा म्हणायचे तसं रान आपल्याला विसरलं होतं. मग खालून खळ्ळ असा आवाज झाला. सगळ्यात खालच्या पायरीचा पट्टा मी नीट आवळला नव्हता. ती घसरली आणि जमिनीवर जाऊन पडली. उरलेली शेवटची पायरी जमिनीपासून आठ फुटांवर. माझ्या गुडघ्यांना आठ फूट म्हणजे काय ते तुला सांगायला नको. फोन पिकअपमध्ये होता.

दोन तास मी तिथे होतो. बाबा असते तर एवढ्यात तुला हाक मारली असती. मीही मारली. म्हणजे सवयीने तोंडातून निघालं, 'एर्विन!' आणि मग मला लाज वाटली, कारण हरणं असतीलच तर ती गेली, आणि तू नव्हतासच.

हाक ऐकून आला तो चेर पाव मुआ नावाचा माणूस. हमोंग आहे, म्हणजे मूळचा लाओसच्या डोंगरांतला, आता वॉसॉकडे राहतो, आपल्याच वयाचा, खारी मारायला आला होता. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "चढताय की उतरताय?"

मी म्हटलं, "विचार करतोय."

"करा, करा," म्हणाला, आणि खांद्यावरची बंदूक उतरवून पायरी शोधायला लागला.

पायरी त्याने दोन मिनिटांत बांधली, पण माझे पाय इतके बधिर झाले होते की उतरता येईना. मग तो खोडाशी बसला, भाताची पिशवी सोडली, आणि माझ्या सामान ओढायच्या दोरीला चिकट भाताचा गोळा आणि मिरचीची पुडी बांधून वर पाठवली. मी झाडावर लटकून जेवलो. (मिरचीने पाय जागे झाले. ती दाढीवाल्याच्या चित्रफितीत नाही.) खाली बसून त्याने विचारलं, बरोबर कोण आहे? कुणी नाही, म्हटलं. भाऊ वगैरे? म्हटलं, आहे एक. "मग?" असं तो म्हणाला आणि वर बघत राहिला. खोगिरात बसलेल्या माणसाला पाठ फिरवता येत नाही, हे त्या यंत्रातलं मोठं वैगुण्य आहे. मी सगळं सांगितलं.

मी सांगितलं की रानातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत एक रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव, तारीख, किती पावलांवरून चुकला ते लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. बाबांचं शेपूट अठ्ठावन्न सालचं. चुकलेल्याने कात्री धरायची नाही, सबबी सांगायच्या नाहीत. गेल्या वर्षी माझा भाऊ साठ पावलांवरून चुकला, मी त्याचं शेपूट कापलं, आणि तेव्हापासून तो बोलत नाही.

"चुकला म्हणून शर्ट कापता?" चेर पाव म्हणाला. "आमच्याकडे नुसते हसतात."

"आम्ही हसतोही."

मग त्याने भाताचा आणखी एक गोळा वळला आणि म्हणाला, "शर्ट शिवला कुणी होता?"

एर्विन, पन्नास वर्षं आपण शर्ट कापतो आहोत. हा प्रश्न कुणीही, कधीही विचारलेला नाही. मी म्हटलं, वहिनीने. तो म्हणाला, मग ती काय म्हणाली? मी म्हटलं, ती त्याच ऑगस्टमध्ये गेली होती.

त्याने हातातला भात खाली ठेवला. वर न पाहता म्हणाला, "उतरा आता." मी उतरलो. पाय जमिनीला लागल्यावर त्याने माझ्या पाठीवरचा पाचोळा झाडला आणि म्हणाला, "मला पाच भाऊ. दोघांशी भांडण आहे. पण रानात जाताना भात मी त्यांच्याही वाटचा घेतो. खातात. बोलत नाहीत, पण खातात."

तर ते झालं असं. (हे मी आजवर लिहिलेलं नाही, आणि बोलतानाही दर वेळी अर्ध्यावर सोडलं आहे.) लिओनावहिनीला पोचवून तीन महिने झाले होते. तू येशील असं मला वाटलंच नव्हतं. आलास, लाल-काळ्या चौकड्यांचा नवा शर्ट घालून आलास, आणि शनिवारी सकाळी बैलाएवढं हरीण तुझ्यासमोर उभं राहिलं आणि तू चुकलास. दुसरी गोळी भरायलाही तू विसरलास. मी पाहिलं होतं, म्हणून तर मी ठरवलं की आज सगळं नेहमीसारखंच व्हायला पाहिजे. जितकं नेहमीसारखं तितकं तुला बरं वाटेल. दोन ब्रँड्या घेतल्या, ताटल्या वाजवल्या, तुला खुर्चीवर उभं केलं, आणि वीतभर कापलं, बोटभर पुरलं असतं तिथे वीतभर. झाल्यावर एवढंच विचारलंस, "झालं तुझं?" मग शर्ट खोचलास, जेवण तसंच सोडून गाडीत बसलास. मी आणि शिकारीला आलेले बाहेरगावचे पाहुणे मागे बसून हसत होतो, आणि मी सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी अर्डिथने सांगितलं की तो शर्ट लिओनाने शेवटच्या हिवाळ्यात शिवला होता, दोन औषधांच्या मधल्या बऱ्या आठवड्यात. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, मग तो शिकारीला घालायचा कशाला? हे वाक्य मी वर्षभर तोंडात धरून ठेवलं. तू मार्चमध्ये रान विकलंस तेव्हा तर फारच कामी आलं. झाडावरून उतरून पिकअपकडे चालताना मला त्याचं उत्तर सुचलं. ती बरोबर यावी म्हणून घातलास. दुसरं काय कारण असणार? मी मूर्ख माणूस आहे, एर्विन. हे तुला नवीन नाही, पण मला बऱ्यापैकी नवीन होतं.

आता शेवटची हकिकत आणि मग पत्र आवरतो. मंगळवारी, चोवीस तारखेला दुपारी मी पुन्हा त्याच ओकवर गेलो. पायऱ्या दोनदा आवळल्या. वारा चांगला होता. चारच्या सुमाराला पाणथळीतून ते हरीण आलं. दहा टोकांची शिंगं, मान या दिवसांत फुगते तशी फुगलेली, आणि चालत चालत ते माझ्या झाडाजवळच आलं. मी धनुष्य ओढलं आणि चुकलो. बाण शेवाळात घुसला. खोगीर जरा डावीकडे कलंडलं होतं, शिवाय खोड गुडघ्यात टोचत होतं, दोर कोपराला लागला, आणि नेमक्या त्या क्षणी एक चिमणी डोक्यावरून गेली. ऊनही डोळ्यांवर होतं. (चार वाजता, ढगाळ हवेत.) सबबी सांगायच्या नाहीत हा नियम मला पाठ आहे, पण झोपडीच नाही तर नियम कुठे उभा राहणार? हरणाने वर पाहिलं. मला वाटतं त्यालाही जरा आश्चर्य वाटलं. मग ते निघून गेलं.

मी कितीतरी वेळ वरच बसून होतो. पन्नास वर्षांत चुकल्यावर आधी ऐकू यायचं ते तुझं हसणं, टेकडीच्या पलीकडून. या वेळी एक खारसुद्धा ओरडली नाही. उतरलो, पायऱ्या सोडल्या, बांधलं, आणि सगळा संसार पाठीवर घेऊन घरी आलो. शर्टाचं शेपूट जसंच्या तसं होतं. ते कापायला या काउंटीत एकही माणूस नव्हता. अर्डिथला म्हटलं, तू काप. ती म्हणाली, "मी नाही. ज्याचं काम त्याला सांग." आणि मग तिने सफरचंदं सोलायला घेतली. माझ्यासाठी का चर्चसाठी, हे मी विचारलं नाही.

जनीनला आशीर्वाद. मीठ बेताने खा.

तुझा धाकटा भाऊ,
डेल्मर

ता. क. – सोबतच्या पुडक्यात दोन वस्तू आहेत. कागदात आहे ते तुझं शेपूट. दंतवैद्याने उन्हाळ्यात झोपडी पाडली आणि भिंत कचऱ्याच्या पेटीत गेली, हे मला गेल्या गुरुवारी कळलं. मी पिवळ्या पाट्या ओलांडून सरळ आत गेलो. तो बाहेर आला. मी कारण सांगितलं. तो हातमोजे घालून माझ्याबरोबर पेटीत उतरला. (त्याच्याबद्दल मी आजवर जे जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो.) तेवीस शेपटं मिळाली, बाबांचं धरून. तुझ्या शेपटावर उंदरांनी घर केलं होतं. अर्धं खाल्लं आहे. मी ब्रँडीच्या भरात त्यावर लिहिलं होतं, 'एर्विन, साठ पावलं, आंधळ्यालासुद्धा लागलं असतं.' उंदरांनी नेमकं तेवढं सोडलं आहे. त्याबद्दल, आणि कापण्याबद्दल, मला माफ कर. हे लिहायला मला वर्ष लागलं आणि मैलभर आत जाऊन झाडावर चढावं लागलं.

आणखी ता. क. – खालचा शर्ट माझा आहे. तू ओळखशील. लिओनावहिनीने त्या आठवड्यात एक नाही, दोन शिवले होते, एकाच ताग्यातून. मी इतके दिवस कपाटात ठेवला, शिकारीसाठी फार चांगला आहे म्हणून. मंगळवारी मी तोच घातला होता, आणि चुकलो, म्हणून नियमाने त्याचं शेपूट तुझं. तुझ्या शर्टाला जोड द्यायला लागेल तेवढं काप. वीतभर लागलं तर वीतभर काप. चौकडी जुळेल.

आणि एक – उघडण्याच्या शनिवारी मी सरकारी रानात गाडी लावायच्या जागी पहाटे पाचला असेन. चेर पाव भावांना घेऊन येणार आहे, न बोलणारे दोघं धरून. तुझ्या वाटचा भात आणि माझ्याकडची सॉसेजं आहेत. तुला झाडावर चढायचं नाही. खोडाशी बसायचं. मी वर असेन. पायरी पडली तर उचलायला कुणीतरी लागतं. बोलू नकोस हवं तर.

शेवटचं, आणि हे अर्डिथला न दाखवता पाकिटात घातलं आहे – ते हरीण माझ्यापासून अकरा पावलांवर उभं होतं, एर्विन, आडवं, मान खाली घालून. खोगीर कलंडलं नव्हतं. चिमणी नव्हती. अकरा पावलांवरून मी चुकत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, पण बाण शेवाळात आहे, आणि बाबांच्या नियमात का चुकला हे विचारायची सोय नाही. कात्री पाठवलेली नाही. लिओनावहिनीची तुझ्याकडे असेल, तिने काप.